सैतान वेष्टनावर, लोखंड आत

('ब्लॅक सॅबथ' या १९७० सालच्या अल्बमवर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

आज एकच अल्बम घेऊन बसायचं आहे, साधारण ३८ मिनिटांचा. १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, तो इंग्लंडमधल्या दुकानांत आला. तेरा तारीख आणि शुक्रवार एकत्र आले की तिकडे अपशकुन मानतात. म्हणजे रेकॉर्ड कंपनीला मुहूर्तसुद्धा अमावास्येचाच मिळाला म्हणा ना. बँडचं नाव 'ब्लॅक सॅबथ', अल्बमचं नाव 'ब्लॅक सॅबथ' आणि पहिल्या गाण्याचं नावही 'ब्लॅक सॅबथ'. बारशाला फार खर्च केलेला दिसत नाही.

हे वेष्टन बघा. मागच्या रांगेपर्यंत जाऊ दे, पण जरा जपून हाताळा. ही इमारत ऑक्सफर्डशायरमधल्या मेपलडरहॅम गावची जुनी पाणचक्की आहे. समोर काळ्या झग्यातली, चेहरा पांढराफटक पडलेली बाई. झाडांचे रंग गुलाबीकडे झुकलेले, जणू फोटो बुरशीला लागलाय. कीथ मॅकमिलन या छायाचित्रकाराने इन्फ्रारेड फिल्म वापरली, म्हणून ते रंग तसे आले. मूळ इंग्लिश रेकॉर्डचं वेष्टन पुस्तकासारखं उघडतं, आणि आत काय, तर उलटा क्रूस! त्यात एक भयाण कविता छापलेली. बँडमधल्या चौघांना हे कुणी विचारलेलं नव्हतं. रेकॉर्ड हातात पडल्यावर त्यांनी तो क्रूस पाहिला, आणि पुढची कित्येक वर्षं 'तुम्ही सैतानाचे पूजक का?' या प्रश्नाला उत्तरं देत बसले.

माझं आजचं म्हणणं या वेष्टनापासूनच सुरू होतं. या अल्बमबद्दल जे काही बोललं जातं त्यातला बराचसा भाग सैतानाबद्दल असतो: काळी जादू, शाप, घंटा, वगैरे. तो सगळा बाहेरचा कागद आहे. आतल्या संगीताला जे वजन आहे ते एका कारखानदारी वस्तीतून, एका अपघातातून आणि अपुऱ्या पैशांतून आलेलं आहे. ते समजलं तर हे संगीत आवडेलच असं नाही, पण 'हा नुसता गोंगाट आहे' असं म्हणणं तरी जड जाईल.

वस्ती म्हणजे बर्मिंगहॅममधलं ॲस्टन. चौघंही तिथले. गिटारवाला टोनी आयोमी, गायक ऑझी ऑस्बर्न आणि ड्रमवाला बिल वॉर्ड १९४८ चे, बेस (खालच्या स्वरांची गिटार) वाजवणारा गीझर बटलर १९४९ चा. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी बर्मिंगहॅमवर भरपूर बॉम्ब टाकले, कारण शस्त्रं, मोटारी, विमानांचे भाग, सगळं तिथे बनायचं. ही पोरं मोठी झाली ती पडक्या घरांच्या ढिगाऱ्यांत खेळत. वस्तीत एका बाजूला सॉसचा कारखाना, दुसरीकडे बिअरची भट्टी, मधे ॲस्टन व्हिला क्लबचं फुटबॉल मैदान, आणि चहूकडे धातू ठोकणारे, कापणारे, वाकवणारे लहानमोठे कारखाने. ऑझीचे वडील टूलमेकर, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनवणारे. ऑझी स्वतः काही दिवस मोटारींचे हॉर्न तपासायच्या कामावर होता, मग कत्तलखान्यात होता, मग घरफोडीच्या गुन्ह्यात काही आठवडे तुरुंगात. गीझर त्यातल्या त्यात सरळ, हिशेबनिशीच्या मार्गाला लागलेला. टोनी वेल्डर.

माझी नोकरीची बरीच वर्षं भोसरीत टूल रूममध्ये गेली, त्यामुळे पुढचा भाग सांगताना माझा हात आपोआप मागे जातो.

टोनी आयोमी १७ वर्षांचा होता. एका बँडबरोबर जर्मनीला जायचं ठरलं होतं आणि पत्र्याच्या कारखान्यातला त्याचा तो शेवटचा दिवस होता. सकाळची पाळी केली, दुपारी जेवायला घरी आला आणि म्हणाला, आता काही मी परत जात नाही. आई म्हणाली, काम पुरं करून ये. गेला. त्या दिवशी मशीनवरचा नेहमीचा माणूस आलेला नव्हता, म्हणून पोराला त्या जागी उभं केलं. ज्याला मशीनची सवय नाही त्याला मशीनवर उभं करायचं, हा प्रकार आपल्याकडे पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या प्रेस शॉपमध्ये कुणाला नवा नाही. बोटं गेलेली माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. प्रेस खाली आली, त्याने हात मागे ओढला, आणि मधल्या व अनामिका या दोन बोटांची टोकं तिथेच राहिली. हात उजवा. आता तुम्ही म्हणाल, उजवा तर छेडायचा हात. पण टोनी डावखुरा. त्याचा उजवा हात पट्टीवर तारा दाबणारा.

डॉक्टर म्हणाले, गिटार विसर. कारखान्याचा मॅनेजर त्याला भेटायला आला तो एक रेकॉर्ड घेऊन. म्हणाला, ऐक. टोनीला त्या वेळी संगीत ऐकायची अजिबात इच्छा नव्हती. ती रेकॉर्ड जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाची होती. १९२८ मध्ये आग लागून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती, आणि तरी तो जे वाजवायचा ते दहा बोटंवाल्यांना जमत नव्हतं. त्या मॅनेजरचं कौतुक वाटतं मला. सांत्वनाचे चार शब्द बोलून निघून जाणं सोपं होतं.

मग टोनीने जे केलं ते टूल रूमवाल्याच्या डोक्यातूनच येऊ शकतं. भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली. त्याचा गोळा केला, तापलेल्या सोल्डरिंगच्या कावीने त्याला बोटाएवढं भोक पाडलं, घासून घासून टोपीचा आकार दिला. पण प्लॅस्टिक तारेवरून निसटायचं. म्हणून जुन्या चामड्याच्या जाकिटाचा तुकडा कापून वर चिकटवला. चामडं झिजून त्याला चकाकी आली की मग तार नीट धरली जायची. प्रश्न उरला तो दाबाचा. टोपीखालच्या बोटाला तार जाणवत नाही, आणि त्या वेळच्या गिटारच्या तारा जाड. हलक्या तारांचे संच दुकानात मिळत नव्हते, म्हणून त्याने बँजोच्या बारीक तारा चढवल्या.

इथे एक दुरुस्ती करून टाकते, कारण हे वाक्य इंटरनेटवर फार फिरतं: 'बोटं गेली म्हणून त्याने गिटार खालच्या स्वरात लावली आणि त्यातून मेटल जन्मलं.' (मेटल म्हणजे या बँडसारखं जड, फाटक्या आवाजाचं रॉक संगीत.) या पहिल्या अल्बमवर गिटार नेहमीच्याच स्वरात लावलेली आहे. तारा सैल करून स्वर तीन पायऱ्या, म्हणजे दीड स्वर खाली उतरवणं सुरू झालं ते तिसऱ्या अल्बमवर, १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'वर. मग पहिल्याच अल्बममध्ये एवढं वजन आलं कुठून?

(इथे हार्मोनियमवर आधी सा-ग-प आणि नंतर फक्त सा-प असे एकत्र दाबून दाखवले.)

पहिला आवाज भरलेला होता, गोड होता. दुसऱ्यात गंधार नाही. गंधार नसला की स्वरसंगती आनंदी का दुःखी ते कळत नाही. रिकामी, कठीण राहते. गिटारवाले याला पॉवर कॉर्ड म्हणतात. टोनीच्या बोटांना पाच-सहा तारा अडवून धरायचे मोठे कॉर्ड त्रासाचे, दोन तारांची ही जोडी सोयीची. पॉवर कॉर्ड काही त्याने शोधलेला नाही, आधीही लोक वाजवत होते. पण त्याने त्यावर सगळा डोलारा उभा केला.

आता यातली गंमत. ॲम्प्लिफायर त्याच्या ताकदीबाहेर ओढला की आवाज फाटतो, ज्याला डिस्टॉर्शन म्हणतात. फाटलेल्या आवाजात दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या कंपनांची बेरीज-वजाबाकी होऊन न वाजवलेले स्वरही ऐकू येऊ लागतात. तीन-चार स्वर घातले की त्याची खिचडी होते. पण सा आणि प यांचं प्रमाण दोनास तीन. वजाबाकी येते एक, म्हणजे त्याच षड्जाच्या खालच्या सप्तकातला षड्ज! गिटारची सगळ्यात खालची तार सेकंदाला सुमारे ८२ कंपनं करते, तिच्यावरचा पंचम सुमारे १२३. फरक ४१. आणि ४१ ही बेस गिटारच्या सगळ्यात खालच्या तारेची कंपनसंख्या. म्हणजे टोनी दोन तारा दाबतोय आणि ॲम्प्लिफायर स्वतःहून खाली तिसरा माणूस उभा करतोय. त्यात गीझर बटलर खरोखरच बेसवर तोच रिफ त्याच्याबरोबर वाजवतोय. (रिफ म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, ज्यावर गाणं उभं असतं.) गीझर मुळात गिटारवाला, बेस त्याने बँडसाठी हातात घेतला. टोनीने तार ओढून स्वर खेचला की हाही बेसची जाड तार खेचतो. दोघं मिळून एकच मोठं वाद्य होतं. अल्बमचं वजन म्हणतात ते हे.

बँड कसा जमला ते भराभर सांगते. टोनी आणि ऑझी एकाच शाळेतले, टोनी एक वर्ष पुढे आणि ऑझीला छळणाऱ्या पोरांपैकी. त्यामुळे ऑझीने दुकानात 'गायकाला बँड हवा, स्वतःचा लाउडस्पीकर आहे' अशी जाहिरात लावली आणि ती बघून टोनी दारात आला, तेव्हा दोघांचेही चेहरे पडले. पण लाउडस्पीकर होता ना! चौघं जमले, आधी एक लांबलचक विनोदी नाव घेतलं, मग 'अर्थ' असं साधं नाव. अमेरिकी ब्लूज, म्हणजे तिथल्या काळ्या लोकांचं गाणं, आणि थोडं जॅझ वाजवायचे. १९६८ च्या शेवटी टोनी काही आठवडे 'जेथ्रो टल' या नावाजलेल्या बँडमध्ये गेला, त्यांच्याबरोबर रोलिंग स्टोन्सच्या एका चित्रित कार्यक्रमात दिसलाही, आणि परत आला. तिथून येताना त्याने आणली ती शिस्त. सकाळी लवकर तालीम, कारखान्याच्या पाळीसारखी. त्यानंतर हँबर्गमधल्या क्लबात रोज सात सात वेळा मंचावर उभं राहून पाऊण-पाऊण तास वाजवलं. तो घाम या अल्बममध्ये ऐकू येतो.

'अर्थ' नावाचा दुसराही एक बँड निघाला, म्हणून नाव बदलणं भाग होतं. तालमीच्या जागेसमोरच्या थिएटरात बोरिस कार्लॉफचा एक भयपट लागला होता, तोच 'ब्लॅक सॅबथ'. रांग बघून यांच्या डोक्यात आलं, की लोक घाबरायला पैसे देतात, मग संगीत का नाही? बघा, इथेही सैतान नाही. तिकीट खिडकी आहे.

१९६९ च्या शेवटच्या महिन्यांत ते लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत गेले. निर्माता रॉजर बेन, ध्वनिमुद्रक टॉम ॲलम. हाच ॲलम पुढे 'जूडास प्रीस्ट' या मेटल बँडच्या 'ब्रिटिश स्टील' अल्बमचा निर्माता झाला. सगळं वादन एका दिवसात उरकलं. चौघं समोरासमोर, ऑझी बाजूच्या खोक्यासारख्या खोलीत, आणि क्लबात जसे रोज वाजवत तसं वाजवून मोकळे. बहुतेक गाण्यांना दुसरी संधीही मिळाली नाही. मधेच टोनीच्या पांढऱ्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा पिकअप, म्हणजे तारांची कंपनं टिपणारा भाग, बिघडला. दुरुस्तीला वेळ कुणाला? सोबत जादा म्हणून आणलेली गिब्सन एसजी गिटार काढली आणि उरलेला अल्बम तिच्यावर वाजवला. पुढे एसजी ही त्याची ओळखच झाली. अशा अडीअडचणीतून पडलेल्या सवयींना नंतर शैली म्हणतात.

आता पहिलं गाणं.

(इथे पहिली सुमारे दीड मिनिटं ऐकवली.)

पाऊस, गडगडाट आणि चर्चची घंटा हे बेनने नंतर जोडलेलं. ते नाट्य आहे, चांगलं आहे, पण तिकडे लक्ष देऊ नका. गिटारचे फक्त तीन स्वर ऐका. सा. वरचा सा. आणि मग? तीव्र मध्यम, आणि तो तिथेच थरथरत राहतो.

आपल्या कानांना तीव्र मध्यम परका नाही. यमन गाताना आपण त्यावरून रोज जातो. पण यमनमध्ये त्याच्या शेजारी पंचम वाट बघत उभा असतो. तीव्र मध्यम म्हणजे पंचमाच्या दारातली पायरी. इथे पंचम येतच नाही. स्वर पायरीवर अडकतो, आणि पुन्हा खाली सा. हार्मोनियमवर मोजून बघा. सप्तकात बारा पट्ट्या, षड्जाच्या पुढून मोजलं तर तीव्र मध्यम बरोबर सहावी. खालच्या षड्जापासून जेवढा लांब तेवढाच वरच्या षड्जापासून. कानाला कळत नाही घर कुठल्या बाजूला आहे. पंचम वर्ज्य असलेला, षड्जावर टेकायचं टाळणारा मारवा संध्याकाळी ऐकताना जी हुरहुर लागते, तिचं कारण काही अंशी याच्या जवळचं आहे. अर्थात मारव्यात ती हुरहुर तासभर फुलवतात. इथे ती तुमच्या छातीवर आणून ठेवतात.

युरोपात या अंतराला 'संगीतातला सैतान' म्हणत, आणि मध्ययुगात चर्चने त्यावर बंदी घातली होती, अशी गोष्ट प्रत्येक माहितीपटात येते. बंदीला पुरावा नाही. शिक्षक ते गाताना टाळायला सांगत, कारण नीट लावणं अवघड. आणि ते सैतानी नाव लिखाणात दिसतं ते थेट अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. टोनीला त्या वेळी हे काही माहीत नव्हतं. गीझरला गुस्ताव होल्स्टची 'प्लॅनेट्स' ही वाद्यवृंद रचना फार आवडायची, त्यातला 'मंगळ', म्हणजे युद्धाचा देव. तो तालमीत बेसवर त्यातले तुकडे वाजवत बसायचा. त्यात हे अंतर आहे. पुढच्या तालमीला टोनी हा रिफ घेऊन आला. होल्स्टने 'मंगळ' लिहायला घेतला १९१४ मध्ये. म्हणजे या भीतीचा माग काढत गेलं तर आपण महायुद्धापाशी पोचतो, नरकापाशी नाही.

आता ऑझी काय गातो ते. गीझरने आपली खोली काळ्या रंगाने रंगवली होती, गूढविद्येची पुस्तकं वाचायचा, आणि एका रात्री पलंगाच्या पायथ्याशी काळी आकृती उभी दिसली, असं तो सांगतो. घर आयरिश कॅथलिक. तो इतका घाबरला की तो नाद त्याने सोडला. गाणं त्याबद्दल आहे. गाणारा माणूस देवाला हाका मारतो, मला वाचव म्हणून. पूजा वगैरे कुठे आली? ऑझीचा आवाज शिकवलेला नाही, पल्ला मोठा नाही, पण इथे त्याला पर्याय सुचत नाही मला. चांगल्या गायकाने हे गाणं 'सादर' केलं असतं. हा खरंच भ्यालाय.

आणि बिल वॉर्ड! याच्याबद्दल लोक कमी बोलतात. हा जॅझचा माणूस, जीन क्रूपा आणि बडी रिच या जॅझ ड्रमवाल्यांचा भक्त. या गाण्यात तो सरळ ठेका धरतच नाही. रिफ संपून शांतता येते तिथे ड्रमवर मोठमोठे शिंतोडे उडवतो, ओळ संपली की उत्तर देतो. लय इतकी विलंबित आहे की दोन ठोक्यांच्या मधे माणूस विचार करू शकतो. साडेचार मिनिटांनंतर मात्र घोडदौड सुरू होते, आणि पुढे जन्मलेले निम्मे मेटल बँड याच शेवटाच्या तुकड्यावर पोट भरतात.

बाकीची गाणी. 'द विझर्ड'मध्ये ऑझी माउथ ऑर्गन वाजवतो, आणि त्यातला जादूगार टॉल्किनच्या कादंबरीतला गँडाल्फ, अगदी सज्जन. 'बिहाइंड द वॉल ऑफ स्लीप' ठीक. 'एन. आय. बी.'वर मात्र थांबा. आधी गीझरचा एकट्याचा बेस, वा-वा पेडलमधून (पायाने दाबून स्वर 'वा-वा' करायला लावणारं यंत्र), लडिवाळ. मग सगळा बँड कोसळतो. गाण्यात सैतान स्वतः बोलतो हे खरं, पण तो प्रेमात पडलाय आणि सुधारतोय. त्या तीन अक्षरांमागे काळी प्रार्थना आहे म्हणून अमेरिकेत बराच धुरळा उडाला. प्रत्यक्षात बिल वॉर्डची दाढी पेनच्या निबसारखी दिसायची म्हणून त्याला निब म्हणत, आणि गीझरने गंमत म्हणून मधे टिंबं घातली. 'ईव्हिल वुमन' हे मिनिआपोलिसच्या 'क्रो' बँडचं गाणं, यांना ते आवडतही नव्हतं. अमेरिकेतल्या आवृत्तीत त्याऐवजी 'विकेड वर्ल्ड' आलं, आणि तो बदल योग्य होता. शेवटी 'वॉर्निंग', तेही दुसऱ्याचं, दहा मिनिटांच्या वर. मधे टोनी एकटाच फिरून येतो. काही जागा सुंदर आहेत, पण चार मिनिटं कापली असती तर कुणी रडलं नसतं.

म्हणूनच 'जगातला पहिला मेटल अल्बम' ही पाटी मी पूर्ण अल्बमला लावणार नाही. रेकॉर्डची दुसरी बाजू अजून ब्लूजच्या घरात आहे. काळही तसाच संधिकाळाचा. 'क्रीम' हा इंग्लिश बँड १९६८ मध्ये फुटला. सॅन फ्रान्सिस्कोचा 'ब्लू चीअर' बँड त्याच वर्षी कानठळ्या बसवत होता. 'लेड झेपेलिन'चा पहिला अल्बम जानेवारी १९६९ चा. त्यातले गायक प्लँट आणि ड्रमवाला बोनम याच मिडलंड्समधले, म्हणजे बर्मिंगहॅमच्याच भागातले. 'डीप पर्पल'चा 'इन रॉक' जून १९७० मध्ये आला. एप्रिल १९७० मध्ये बीटल्स फुटल्याचं जाहीर झालं. सगळेच आवाज वाढवत होते. पण झेपेलिनमध्ये लोकगीतं आहेत, शृंगार आहे. पर्पलमध्ये ऑर्गन आहे आणि शास्त्रीय संगीताची ऐट. सॅबथने ब्लूजमधली मौज काढून टाकली आणि जडपणा तेवढा ठेवला. कॅलिफोर्नियातली मुलं केसांत फुलं माळत होती, ॲस्टनमध्ये फुलं कुठून आणणार? व्हिएतनाम रोज टीव्हीवर, घरी कारखान्याचा भोंगा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या 'पॅरानॉइड'वर 'वॉर पिग्ज' आहे, आणि तिथे तर नरकाची वाट चालणारे युद्ध पुकारणारे सेनापती आणि पुढारी आहेत. तो अल्बम इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

पहिल्या अल्बमला समीक्षकांनी धुतला. 'रोलिंग स्टोन' मासिकात लेस्टर बँग्जने ही क्रीमची बिघडलेली नक्कल ठरवली. दोन वर्षांत त्याच बँग्जने सॅबथची बाजू घेऊन लांब लेख लिहिला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. लोकांनी वाट बघितली नाही. अल्बम इंग्लंडमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत तेविसाव्यापर्यंत, आणि तिथल्या यादीत वर्षाहून अधिक काळ टिकला. विकत घेणारे कोण? मोटारींच्या कारखान्यांच्या डेट्रॉइटसारख्या शहरांत या संगीताला जी माया मिळाली ती योगायोगाने नाही. आपल्याकडेही १९८० च्या दशकात मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक महोत्सव सुरू झाला तेव्हा कॉलेजातल्या बँडना 'पॅरानॉइड' आणि 'आयर्न मॅन' ही सॅबथची गाणी पाठ असायची.

क्रुसाची गोष्ट राहिली. चौघांच्या गळ्यात क्रूस दिसतात, प्रत्येक फोटोत. शाप लागू नये म्हणून घातले, अशी दंतकथा सोबत येते. ते क्रूस ऑझीच्या वडिलांनी कारखान्यात कामाच्या वेळात ॲल्युमिनियमच्या तुकड्यांतून करून दिलेले होते. टूलमेकर बापाने पोरांसाठी कंपनीच्या भंगारातून काढलेली वस्तू! माझ्या टूल रूममध्ये अशीच पानसुपारीची अडकित्ती आणि मुलांचे भोवरे व्हायचे. वेष्टनातला उलटा क्रूस छापखान्यातून आला, गळ्यातला सरळ क्रूस ॲस्टनमधून. मला या अल्बमबद्दल याहून नेमका पुरावा देता येत नाही.

गेल्या काही वर्षांत बर्मिंगहॅमने हे सगळं आपलं म्हणून मांडलं आहे. ब्रॉड स्ट्रीटवरच्या पुलाला २०१९ मध्ये बँडचं नाव दिलं, २०२३ मध्ये शहराच्या बॅले कंपनीने यांच्या संगीतावर बॅले केला. ५ जुलै २०२५ ला ॲस्टनमधल्या त्याच फुटबॉल मैदानावर चौघं पुन्हा एकत्र आले. ऑझीला पार्किन्सन्स होता, उभं राहता येत नव्हतं, आसनावर बसून गायला. जमलेला पैसा पार्किन्सन्सच्या संशोधनाला आणि मुलांच्या रुग्णालयाला व शुश्रूषागृहाला द्यायचा म्हणून तो कार्यक्रम होता. १७ दिवसांनी, २२ जुलैला, तो गेला.

आता प्रश्न.

(एका श्रोत्याने विचारलं, की ज्यांनी असलं संगीत कधीच ऐकलेलं नाही त्यांनी सुरुवात कशी करावी, आणि मोबाइलवर ऐकलं तर चालेल का.)

चालणार नाही, आणि यात माझा हट्ट नाही. मघाशी ४१ चा आकडा सांगितला. मोबाइलचा तो एवढासा स्पीकर तेवढा खालचा स्वर काढूच शकत नाही. म्हणजे तुम्ही गीझर बटलर वजा करून ऐकणार. मग उरतो तो खरंच गोंगाट. साधे बरे हेडफोन घ्या. आधी 'एन. आय. बी.' लावा, पहिल्या अर्ध्या मिनिटात बेस एकटा आहे, त्याला कान लावा आणि गाणं सुरू झाल्यावरही त्यालाच धरून राहा. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त ड्रम. मग पहिल्या गाण्याकडे या, घरात कुणाला झोप लागलेली नाही ना बघून. आणि 'वॉर्निंग' लांबलं तर खुशाल पुढे ढकला, मी कुणाला सांगणार नाही.